पेटीची संवादिनी

मैफलीच्या पत्रिकेवर गायकाचे नाव ठळक टाइपात, तबलजीचे त्याच्याखाली आणि पेटीवाल्याचे जागा उरली तर, असा आपल्याकडचा जुना रिवाज. खेड्यातल्या भजनी मंडळात पत्रिकाच नसते, त्यामुळे तेवढेही नाही. भजन रंगले की लोक बुवांना नमस्कार करतात, मृदंग्याची पाठ थोपटतात, आणि पेटीवाला आपली पेटी खोळीत घालीत बसलेला असतो. मी स्वतः गावच्या मंडळात पेटी वाजवतो. म्हणून ही तक्रार थोडी स्वार्थाची आहे, हे सुज्ञ वाचकांनी आधीच ओळखले असेल.

पण या उपेक्षित वाद्याला आपल्याच विदर्भातल्या एका माणसाने नवे रूप दिले आणि नवे नावही दिले, हे आमच्या वर्गातल्या फारच थोड्यांना ठाऊक होते. ते म्हणजे पंडित मनोहर चिमोटे. जन्म नागपूरचा, 1929 सालचा, कारकीर्द मुंबईत, निधन 2012 साली. त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका मी मोबाइलवर ऐकल्या, आणि पहिल्यांदा वाटले की ही पेटी नसावीच.

पेटीचे कुळ परके. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य टेबलाएवढे, खुर्चीवर बसून पायाने भाता मारीत वाजवायचे. आपल्या संगीत नाटकांतली पायपेटी ती याच घराण्यातली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास भाता पाठीमागे आणला, पायांचे काम डाव्या हाताला दिले आणि पेटी जमिनीवर मांडी घालून बसली. माझ्या मते ती त्याच दिवशी हिंदुस्थानी झाली. मांडी घालून बसणाऱ्याला परका कसे म्हणावे?

विद्वानांना मात्र ते पटले नाही. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, उडीच मारावी लागते, हे आक्षेप होते आणि ते खोटे नव्हते. रवींद्रनाथांनाही पेटी रुचत नसे. 1940 साली आकाशवाणीने तिला दारच बंद केले; ते 1971 साली काही अटींवर किलकिले झाले. म्हणजे तीस वर्षे हे वाद्य खेडोपाडी देवळांत वाजत होते, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताच्या बोटांखाली रसिकांना वेड लावीत होते, पु. ल. देशपांडे हौसेने वाजवीत होते, आणि सरकारी रेडिओवर त्याला मज्जाव होता. ही मौज आम्हां विद्यार्थ्यांना कुणी सांगितली नव्हती.

चिमोटे यांनी या आक्षेपांना उत्तर दिले ते वाद्य उघडून. त्यांचे गुरू पंडित भीष्मदेव वेदी यांच्या मनात पेटीला तारांची जोड द्यावी अशी कल्पना होती, असे सांगतात. शिष्याने ती प्रत्यक्षात आणली. पेटीच्या माथ्यावर स्वरमंडल बसवले. रागाचे स्वर त्याच्या तारांत मिळवायचे. पेटीचा स्वर पट्टी सुटताक्षणी तुटतो, कारण हवा थांबली की सूर थांबतो. वर तारा असल्या म्हणजे त्या तुटलेल्या जागेत झंकार उरतो. आसेचा आभास निर्माण होतो. दुसरी सुधारणा दिसायला लहान, करायला कठीण होती. पट्ट्या बोटाच्या दाबाला अधिक संवेदनशील केल्या. साध्या पेटीची पट्टी म्हणजे विजेचे बटण: दाबले की सूर, सोडले की गप्प. दाबाला प्रतिसाद देणारी पट्टी असेल तर स्वर हळूच उमटवता येतो, कणस्वराला लाज आणता येते. खरी मींड तरीही येत नाही. चिमोटे यांनी तंतवाद्यांच्या अंगाने वादन रचून जे येते त्याचेच सोने केले. साथीला बसणारे वाद्य मध्यभागी आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘संवादिनी’.

गंमत पुढेच आहे. एकलवादनासाठी ठेवलेले ते नाव इतके लोकप्रिय झाले, की आज कोणत्याही पत्रिकेवर ‘संवादिनीची साथ’ असे छापलेले असते. नाव मोठे झाले, जागा तीच राहिली!

आता श्रुतींचा प्रश्न. बाजारातली पेटी पियानोच्या मापाने जुळवलेली असते. सप्तकाचे बारा सारखे भाग. एका भागाचे आणखी शंभर कण केले, तर तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 कण चढा असतो, आणि कोमल गंधार सुमारे 16 कण उतरलेला. पंचम मात्र जवळजवळ जागेवर. म्हणून कित्येक एकलवादक आपली पेटी एका षड्जाला धरून नैसर्गिक स्वरांत जुळवून घेतात. कारागीर पितळी सुराची जीभ टोकाशी घासतो तेव्हा स्वर चढतो, मुळाशी घासतो तेव्हा उतरतो. केसाएवढे घासायचे, वाजवून ऐकायचे, पुन्हा घासायचे.

गेल्या साली आमच्या मंडळाची पेटी दुरुस्तीला निघाली. वर्गणी जमली, कारागीर घरी आला. तेव्हा मी सुचवले, की काळी चारला षड्ज धरून पेटी नैसर्गिक स्वरांत जुळवून घेऊ. आजवर कानाला खटकणारा तो गंधार एकदाचा खरा लागेल! कारागीर तयार होता. आबा खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “बाबू, बरोबर हाये तुह्य. पन काळी चारमंदी गाते कोन? थ्या म्हातारबाचा सूर पांढरी एकले बसते, आन् बायाचा काळी पाचले. मंग त्याइनं काय कराव?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण शास्त्रही आबांच्याच बाजूचे आहे. एका षड्जाला खरी केलेली पेटी दुसऱ्या षड्जाला अधिकच खोटी होते. पियानोची ती बारा सारख्या भागांची तडजोड कुणाच्याच सुरात पूर्ण खरी नसते, म्हणूनच सगळ्यांच्या सुरात चालते. वाशीमच्या बालाजीच्या देवळात काय आणि आमच्या मारुतीच्या पारावर काय, भजनाला कोण केव्हा उभा राहील आणि कुठल्या पट्टीत सुरू करील, याचा नेम नसतो. चिमोटे यांच्या मांडीसमोरची पेटी एका माणसाच्या कानासाठी घडली. आमची पेटी साठ-सत्तर गळ्यांची.

डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली आहे. तिच्यात षड्ज-पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांची दोन-दोन रूपे दिली आहेत, आणि पट्टीखालची खुंटी ओढली की वरचे रूप मिळते. कल्पना मोठी सुंदर. पण आमच्याकडे चालू अभंगात टाळांच्या गजरात खुंट्या कोण ओढणार?

पेटी पूर्वीच्याच मापात जुळवली. दोन मुके सूर बदलले, भात्याला नवे कातडे लागले, कमानी सरळ झाल्या. राहिलेल्या वर्गणीतून काही करायचे ठरले नव्हते. मी मंडळापुढे जुन्या स्वरमंडलाचा विषय काढला आहे. तारा दर वेळी मिळवाव्या लागतील आणि ते काम माझ्याच गळ्यात पडेल, एवढ्या अटीवर आबांनी होकार दिला आहे. चैत्रातल्या सप्ताहाआधी ते कुठे मिळते का, हे पाहायला मी पुढच्या आठवड्यात अकोल्याला जाणार आहे.