तेल होतं, ठिणगी नव्हती



धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा कुमारींचा दाखला आला की आम्हा सुरतकरांना ऑगस्ट २००६ आठवतो. उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून शहरात शिरलं होतं. आमच्या धर्मग्रामातल्या एका काकांकडे होडी होती, जुनी आउटबोर्ड मोटार होती, टाकी भरलेली होती. समोरच्या गच्चीवर एक बाळंतीण तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. दोरी ओढून ओढून हाताला फोड आले, पण मोटार काही चालू झाली नाही. शेवटी बांबूने रेटत गेलो. हाकेच्या अंतराला तास लागला. दाखल्यातल्या पाच जणींकडे तेल नव्हतं. आमच्याकडे तेल होतं, ठिणगी नव्हती.

पाणी ओसरल्यावर मोटार उघडली. चक्राखालच्या पॉइंटवर थर चढला होता. खाऱ्या हवेत मोटार कित्येक महिने तशीच पडून होती. दोष मोटारीचा नव्हता, आमचा होता.

तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही वर्गातल्या मोठ्या मुलांना घेऊन काकांच्या अंगणात बसतो. चक्र पुलरनेच काढायचं, हातोडी मारायची नाही. पॉइंट बारीक कानशीने साफ करून कोऱ्या जाड कागदाने पुसायचे. (पहिल्या वर्षी आम्ही सँडपेपर वापरला आणि त्याचे कण आत अडकून बसले!) मग पॉइंटमधली फट मोटारीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे फिलर गेजने लावायची. कॉइलला तडा आहे का, प्लगची वायर कडक झाली आहे का, हे पाहायचं. बंद करायच्या बटणाची वायर तर आधी पाहायची. ती घासून बॉडीला लागली की ठिणगी येत नाही, आणि लोक उगाच नवी कॉइल आणतात. पावसाळाभर महिन्यातून एकदा पिंपात पाणी भरून मोटार चालवायची. कोरडी चालवली तर पाण्याचा पंप जळतो.

शेवटी पेट्रोल दूर ठेवून, प्लग बॉडीला टेकवून, संध्याकाळच्या अंधारात दोरी ओढायची. काकांना आता नीट दिसत नाही. ते बाजेवरून विचारतात, "निळी आहे का रे?"

यंदा एका सिलिंडरची निळी होती, दुसऱ्याची पिवळट. पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा संपताच कंडेन्सर आणायला बाजारात पळाली.