मॉन्टेसरीची पाटी पहिलीच्या दारातच का उतरते?

जालना शहरात मॉन्टेसरी नावाच्या पाट्या मोजायला निघालं तर अख्खी दुपार जाईल. रंगवलेली भिंत, प्लास्टिकची घसरगुंडी आणि वर ते नाव. आत बहुतेक ठिकाणी तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल आणि पुढ्यात एबीसीडीची वही. ते एक सोडा. माझा प्रश्न दुसराच आहे. मूल पहिलीत गेलं की ही पाटी उतरते ती कायमची. मॉन्टेसरी म्हणजे लहान पोरांचा खेळ, खरं शिक्षण पहिलीपासून, असं आपण धरून चाललोय. मारिया मॉन्टेसरींनी मात्र सहा ते बारा या वयासाठी स्वतंत्र मांडणी केली होती आणि तिचा मोठा भाग आकाराला आला तो आपल्याच देशात.

१९३९ साली त्या मद्रासजवळ अड्यारला शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायला आल्या. महायुद्ध पेटलेलं, पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि त्या व त्यांचा मुलगा मारिओ एका रात्रीत ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ झाले. मारिओला इंग्रज सरकारने काही काळ नजरकैदेत ठेवलं. परत जायची सोय नव्हती. १९४२ ते १९४४ ही वर्षं दोघांनी कोडाईकनालला काढली. तिथे आजूबाजूला डोंगर, झाडं, किडे आणि वेगवेगळ्या वयाची मुलं. सहा वर्षांपुढच्या मुलांना एकेक विषय तुकड्यातुकड्याने न देता सगळं विश्वच एका गोष्टीसारखं द्यायचं, या विचाराला तिथे पक्कं रूप आलं.

त्यामागचं निरीक्षण साधं आहे. तीन वर्षांचं मूल विचारतं, ‘हे काय?’ सात वर्षांचं मूल विचारतं, ‘असं का?’ पहिल्याला वस्तू हाताळायची असते. दुसऱ्याला न दिसणारंही डोळ्यांपुढे आणता येतं. त्याला टोळी लागते आणि न्याय-अन्यायाचं भारी वेड असतं. ‘त्याला दोन दिले, मला एकच का’, हे वाक्य ज्या घरात आठ वर्षांचं मूल आहे त्या घराला सांगायला नको.

म्हणून वर्षाची सुरुवात मोठ्या गोष्टींनी होते. विश्व कसं झालं, जीव कसे आले, माणूस कसा आला, अक्षरं कुठून आली, आकडे कुठून आले. एक लांबच लांब काळी पट्टी उलगडत नेतात. ती पृथ्वीचं वय. उलगडता उलगडता मुलं दमतात, आणि अगदी टोकाला एक बारीक रेघ येते. ती आपण. मग कोणी ज्वालामुखीच्या मागे लागतं, कोणी लिपीच्या. शिक्षक दोन-चार मुलांना जवळ घेऊन एक पाठ दाखवतो आणि बाजूला होतो. सकाळचे सलग तीन तास मुलांचे. घंटा नाही, तास बदलणं नाही. काय केलं ते मूल स्वतःच्या वहीत लिहितं, आणि शिक्षक अधूनमधून त्या वहीवर बसून त्याच्याशी बोलतो. व्याकरणसुद्धा हाताने: नामासाठी काळा त्रिकोण, क्रियापदासाठी लाल गोल. वाक्यावर आकार ठेवत गेलं की वाक्य कशावर उभं आहे ते दिसतं.

आणि वर्ग मिश्र वयाचा असतो. सहा ते नऊ एकत्र, नऊ ते बारा एकत्र. इथे मला आमची आपा आठवली.

आपा घनसावंगी तालुक्यातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, मुलं एकोणीस. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. याला आपल्याकडे ‘बहुवर्ग अध्यापन’ म्हणतात आणि सांगताना आवाज थोडा उतरतो, जणू काही घरातलं दुखणं सांगतोय. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचं सरकारच्या मनात आलं, तेव्हापासून या एकोणीस आकड्याचा आपाने धसकाच घेतलाय. मी म्हणालो, अगं, शहरात लोक हीच व्यवस्था मोठी फी भरून घेतात. ती म्हणाली, त्यांच्याकडे सामान असतं, आणि मध्येच कोणी ‘आजच्या आज माहिती पाठवा’ म्हणून फोन करत नाही. दोन्ही खरं. शिवाय मॉन्टेसरीबाईंना वर्गही भरलेला हवा असायचा, तीसेक मुलांचा. एकोणीस हा काही आदर्श आकडा नव्हे. पण वेगवेगळी वयं एका खोलीत असणं हे वैगुण्य नाही, एवढं तरी आपण मान्य करायला हरकत नसावी. लहानपणी मकतबमध्ये आम्ही असेच बसायचो. कोणी कायद्यावर, कोणी सिपाऱ्यावर. मोठी मुलं छोट्यांचा सबक ऐकायची आणि ज्याची त्याची चाल वेगळी असायची. नव्हतं ते एवढंच की ‘का’ विचारायची मुभा.

पण आपाचा खरा पेच वेगळा. दिवाळी झाली की वस्तीवरचे कोयते ट्रॅक्टरमधून कारखान्यांच्या गावी निघतात. काही मुलं आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, पण सगळी नाही. जी जातात ती मार्च-एप्रिलात परत येतात, तोवर पुस्तक संपत आलेलं असतं. त्यात तिसरीतली एक मुलगी. एप्रिलात आली तेव्हा वर्ग भागाकार करून मोकळा झालेला, आणि ही हातच्यापाशी अडकलेली.

आपाने तिला आणि आणखी दोघींना खाली बसवलं. मॉन्टेसरीचे सोनेरी मणी तिच्याकडे कुठले असणार? एककाला चिंचोके, दशकाला दहा काड्यांचा गठ्ठा, शतकाला असे दहा गठ्ठे एका जुडीत बांधलेले. चारशे बत्तीस तिघींत वाटा. प्रत्येकीला एक जुडी, एक उरली. आता? जुडी सोडली, दहा गठ्ठे झाले, आधीचे तीन मिळून तेरा. चार-चार वाटले, एक उरला. तोही सोडला, दहा आणि दोन बारा. पुन्हा चार-चार. एकशे चव्वेचाळीस. ती मुलगी म्हणाली, “मॅडम, हे तर सुट्टे करण्यासारखंच आहे!” मुकादमाकडून आलेली नोट बापाला दुकानावर मोडून आणून देणारी पोर ती. भागाकार तिला आधीपासून येत होता, फक्त त्याला भागाकार म्हणतात हे कोणी सांगितलं नव्हतं.

यात मला मॉन्टेसरीचं खरं काम दिसतं. इयत्तेची गाडी पुढे गेली असं इथे होत नाही. जिथे सोडलं तिथून उचलायचं. पाच महिने गेलेल्या मुलाची आपल्या जिल्ह्यात जेवढी गरज ही आहे, तेवढी शहरातल्या एसी वर्गातल्या मुलाची नाही.

आणि हे महाराष्ट्रात कोणाला सुचलंच नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत मॉन्टेसरीचं काम शिकल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये त्या शहर सोडून बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी दगड, पानं, बिया, शंख-शिंपले हाताशी घेतले. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शिक्षिका कुरणात गेल्या. ती कुरणशाळा. मराठीत एवढं झालेलं असताना ताराबाईंचं नाव आपण बालवाडीच्या प्रकरणात घालून ठेवलं. पुढे साताऱ्याच्या कुमठे बीटचं काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आपल्याकडेही शाळांच्या फरश्यांवर अंक रंगले. आपाच्या शाळेतही आहेत. पण फरशी रंगवायला एक सुट्टी पुरते, सलग तीन तास मोकळे ठेवायला अख्खी यंत्रणा थांबावी लागते. तेवढं कोणी करत नाही.

यंदा दिवाळीच्या आत आपा चार पिशव्या शिवून घेणार आहे, जाणाऱ्या चार मुलांसाठी. चिंचोके, काड्या, शब्दांच्या चिठ्ठ्या, त्रिकोण-गोल, आणि कुठवर आलोय ते लिहिलेली वही. त्या मुलीच्या आईला दाखवली तर ती म्हणाली, कापडाची नको, कोपीत रात्री दव गळतं. आता आपा खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन वाळवतेय.