जातें आणि तबकडी

घरांतल्या कोणत्या वस्तूचा आपणांस सर्वांत अधिक राग येतो, असें आम्हांस गेल्या वर्षीं कोणीं विचारलें असतें, तर आम्हीं क्षणाचाहि विलंब न लावतां खिडकीजवळच्या संगणकाकडे बोट दाखविलें असतें. हें यंत्र आठ वर्षांपूर्वीं घरांत आलें तेव्हां इतकें आज्ञाधारक होतें कीं, आमच्या मनांतली गोष्ट त्याला आधींच कळते कीं काय, असें वाटे. पुढें पुढें मात्र त्याच्या अंगीं एक प्रकारचें जडत्व आलें. गेल्या श्रावणांत तर एक साधी फाईल उघडावयास तीन तीन मिनिटें लागूं लागलीं. फाईल सेव्ह करावयास सांगितलें कीं पडद्यावर एक लहानसें वर्तुळ गरगर फिरूं लागे, आणि पंगतींतल्या शेवटच्या पानावरचा मनुष्य वाढप्याकडे ज्या आशेनें पाहतो त्या आशेनें आम्ही त्या वर्तुळाकडे पाहत बसत असूं.

तीन मिनिटें म्हणजे कांहीं मोठा काळ नव्हे, हें आम्हांसहि कळतें. पोस्टांत, बँकेंत, दवाखान्यांत आम्ही तासन् तास निमूटपणें बसतों. परंतु यंत्राकडून सेकंदाची अपेक्षा ठेवणारास मिनिटाचा विलंब हा अपमान वाटतो. आम्हीं टेबलावर बोटें आपटलीं, यंत्राच्या पेटीवर थापटी मारली, आणि एकदां तर सभ्य मासिकांत छापतां येणार नाहीं असें एक विशेषणहि त्यास बहाल केलें. "अहो, त्या बापड्याला बोलून काय उपयोग? त्याला काय होतंय ते तरी आधी बघा," असें आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून म्हणाल्या. आम्हीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें. त्या सबंध महिन्यांत आमच्या घरांत उच्चारलें गेलेलें शहाणपणाचें वाक्य तेवढें एकच होतें, हें आज आम्हांस कबूल केलें पाहिजे.

जी फाईल उघडण्यास सर्वांत अधिक वेळ लागे तिच्यांत आमच्या आईच्या ओव्या होत्या. आई वाईजवळच्या एका खेड्यांत लहानाची मोठी झाली. पहांटे उठून आजीबरोबर आणि मावशीबरोबर ती जात्यावर बसे. गांवांत पिठाची गिरणी येईपर्यंत हा क्रम चालला. तिची पंचाहत्तरी उलटल्यावर आम्हीं तिच्याकडे त्या ओव्या सांगण्याचा आग्रह धरला. दुपारचीं जेवणें झालीं कीं ती झोपाळ्यावर बसे. आम्ही मोबाइल शेजारीं ठेवून तिचा आवाज मुद्रित करीत असूं, आणि रात्रीं तो ऐकून मजकूर संगणकावर उतरवीत असूं. मौज अशी कीं, नुसतें बसून सांग म्हटलें तर तिला ओवी आठवत नसे. उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा गोल फिरूं लागला म्हणजे शब्द आपोआप येत. भावाच्या, माहेरच्या वाटेच्या, पंढरीच्या विठ्ठलाच्या, सासरच्या उंबऱ्याच्या ओव्या मग एकामागून एक येऊं लागत. सहा वर्षांत एक्केचाळीस मुद्रणें झालीं आणि सहाशेंवर ओव्या जमल्या. दोन वर्षांपूर्वीं आई गेली. शेवटचीं कांहीं मुद्रणें उतरून घ्यावयाचीं राहिलीं होतीं. तें काम पुरें करावें म्हणून आम्ही बसलों, आणि नेमकें तेव्हांच या यंत्रानें असहकार पुकारला.

रोग्याभोंवतीं वैद्य जमावेत तसे आमच्या यंत्राभोंवतीं सल्लागार जमले. एकानें सांगितलें कीं, अँटिव्हायरस हा जकातनाक्यावरच्या शिपायाप्रमाणें प्रत्येक फाईलची उघडतांना झडती घेतो. असे दोन शिपाई एकाच नाक्यावर असले तर खोळंबा होणारच. पाहिलें तों खरोखरच दोन निघाले! एकास रजा दिली. दुसऱ्यानें विचारलें, "जुन्या प्रिंटरचं नाव अजून यादीत आहे का?" लिहिण्याचा प्रोग्राम फाईल उघडतांना प्रिंटरचीहि चौकशी करतो, आणि आमचा प्रोग्राम तीन वर्षांपूर्वीं भंगारांत गेलेल्या प्रिंटरच्या उत्तराची वाट पाहत बसत होता. तें नांवहि खोडलें. तिसऱ्यानें घरांतल्या नेटवर्कवरील एका बंद पडलेल्या सामायिक डिस्कचा पत्ता शोधून काढला. सेव्ह करण्याची खिडकी उघडण्यापूर्वीं यंत्र त्या ओस घराचें दार ठोठावून येत होतें. हे तीनहि दोष खरे होते, व प्रत्येक उपचारानें थोडा थोडा गुण आला. गुण आला म्हणूनच आमची दिशाभूल झाली. चौथा म्हणाला कीं, डिस्क भरत आली म्हणजे एकेका फाईलचे तुकडे ठिकठिकाणीं विखुरतात. ते एकत्र आणणारा प्रोग्राम चालवावा. तो आम्हीं दोन रात्री चालविला. त्यानंतर सबंध डिस्कची तपासणी करून दुरुस्ती करणारा प्रोग्रामहि दिवसभर चालविला. यंत्रांतून अधूनमधून टक् टक् असा आवाज येऊं लागला. काम जोरांत चाललें आहे, असा आम्हीं त्याचा अर्थ घेतला.

दिवाळींत आमची भाची पुण्याहून आली. ती संगणकाच्याच व्यवसायांत आहे. यंत्राला हात लावण्यापूर्वीं तिनें एक प्रश्न विचारला.

"मामा, सगळ्याच फाईली उशिरा उघडतात, की काहीच?"

हा प्रश्न आजवर कोणीं विचारला नव्हता, आणि आमच्याहि मनांत आला नव्हता. आम्हीं आठवून पाहिलें. "तुझ्या लग्नाची चित्रफीत लगेच लागते. आजीच्या ओव्या मात्र अडतात."

"आणि आजीच्या ओव्यांची फाईल केवढी आहे?"

ती तर अगदींच लहान! देवनागरीचें एकेक चिन्ह आजच्या युनिकोडच्या प्रचलित पद्धतीनें साठवितांना तीन बाइट जागा घेतें. त्या हिशेबानें सहाशें ओव्यांचा साधा मजकूर दोनशें किलोबाइटच्या आसपास भरतो. लग्नाची चित्रफीत त्याच्या हजारों पट मोठी. मोठी फाईल धांवते आणि लहान अडखळते, तर मूळ दोष प्रिंटरचा नव्हे आणि अँटिव्हायरसचाहि नव्हे, कारण ते सर्वांनाच सारखे अडवितात. ज्या जागीं ही लहान फाईल ठेवली आहे ती जागाच दुखावलेली असली पाहिजे. तर्क इतका सोपा होता कीं, ऐकतांना आमची मान खालीं गेली. तेवढ्यांत तो टक् टक् आवाज पुन्हां झाला. भाचीनें ताबडतोब यंत्र बंद केलें.

"मामा, ह्याची दुसरी नक्कल कुठं आहे?"

आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलों. तिला उत्तर कळलें.

हार्ड डिस्क म्हणजे पेटींत बंद केलेलें एक जातेंच होय. तिच्यांतल्या चकचकीत तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात; 7200 फेऱ्यांच्या तबकडीचा एक फेरा सेकंदाच्या एकशेंविसाव्या भागांत पुरा होतो. वाचणारें टोंक तबकडीला न टेकतां, केंसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतें. 1956 सालीं आय. बी. एम. कंपनीनें अशा जातीचें पहिलें यंत्र बाजारांत आणलें तेव्हां त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांत मिळून सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या पेटींत त्याच्या लाखों पट मजकूर राहतो. पण फिरणारी तबकडी आणि तिच्यावर झुकलेलें टोंक, ही मूळ रचना कायम आहे. तबकडीचा एखादा कण दुखावला तर यंत्र लगेच हात टेकीत नाहीं. तें तोच भाग पुन्हां वाचतें, पुन्हां फिरून येतें, पुन्हां वाचतें. जेवढें हातीं लागलें त्यावरून गणिताच्या साह्यानें उरलेलें जुळवून पाहतें. म्हणजे ज्या तीन मिनिटांत आम्ही टेबलावर बोटें आपटीत होतों, त्या तीन मिनिटांत तें बिचारें आमच्या आईची एखादी ओवी हातची जाऊं नये म्हणून त्याच त्या जागेवरून फेरे घालीत होतें! आम्हीं त्याला आळशी म्हटलें होतें.

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंदहि स्वतःच ठेवीत असते. किती जागा निकामी ठरवून बदलल्या, किती संशयित आहेत, याचे आंकडे तिच्या पोटांत असतात. भाचीनें ते आम्हांस काढून दाखविले. संशयित जागांचा आंकडा तीन अंकी होता. आम्हीं एवढे प्रोग्राम चालविले, पण तो आंकडा एकदांहि उघडून पाहिला नव्हता.

मग तिनें ती डिस्क काढून आपल्या यंत्रास जोडली आणि 'डीडीरेस्क्यू' नांवाच्या एका मोफत प्रोग्रामच्या साह्यानें तिची नक्कल घेण्यास आरंभ केला. हा प्रोग्राम सुगम भाग आधीं उचलतो, दुखऱ्या जागा ओलांडून पुढें जातो, आणि सर्वांत शेवटीं त्या जागांकडे परत येतो. दुरुस्तीचा विचार नक्कल हातीं आल्यावर करावयाचा, हा या विद्येंतला पहिला नियम होय. आम्हीं नेमकें उलट केलें होतें. त्या रात्रीं आम्ही दोघेंहि झोपलों नाहीं. बाहेर फटाके वाजत होते, आणि आंत पडद्यावर एकेक टक्का पुढें सरकत होता. पहांटेपर्यंत ओव्यांचा उतरलेला मजकूर सबंध हातीं आला. एक्केचाळीस मुद्रणांपैकीं अडतीस आलीं. तीन आलीं नाहींत.

त्या तिहींपैकीं दोहोंतील शब्द आम्हीं पूर्वींच लिहून घेतले होते. तिसरें तसेंच राहिलें होतें. तें एका दसऱ्याच्या दुपारचें होतें. त्यांतल्या ओव्यांपैकीं आम्हांस एकहि आठवत नाहीं. मध्येंच हात थांबवून आई हंसली आणि "दळण संपलं रे आजचं," असें म्हणाली, एवढेंच आठवतें. धूळ नसलेल्या खोलींत तबकडी उघडून मजकूर काढणारे कारागीर असतात. त्यांच्याकडेहि डिस्क पाठविली. त्या जागेवरचा चुंबकीय थरच खरवडला गेल्यामुळें तेथें वाचण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, असें त्यांनीं कळविलें. "आम्हीं तें यंत्र तीन दिवस राबवून घेतलें, त्यामुळें हें झालें असेल काय?" असें आम्हीं भाचीस विचारलें. "सांगता येत नाही, मामा," ती म्हणाली. तिचा स्वभाव मायाळू आहे.

या गोष्टीचा आम्हीं पुढें बराच विचार केला. ओवी लिहून ठेवण्याची चाल आमच्या आजीच्या काळीं नव्हती. ती एका कंठांतून दुसऱ्या कंठांत जाई. एकीस विसर पडला तर शेजारणीस ती येत असे. पोथ्यांचीहि गोष्ट तीच. शके 1212 मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा पाठ एकनाथांनीं शके 1506 मध्यें शुद्ध केला. मधल्या तीन शतकांत नकला करणारांच्या हातून चुका शिरल्या, हें खरें. पण नकला झाल्या म्हणूनच शुद्ध करावयास ग्रंथ उरला होता. आमच्याच काळांत गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतील बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या आज इंटरनेटवर कोणासहि वाचतां येतात, आणि कित्येक ऐकतांहि येतात. आम्हीं मात्र आईच्या मुखांतून निघालेली ओवी एका पेटींत घातली, झांकण लावलें, आणि ती अमर झाली असें समजलों. निरक्षर बायकांनीं पिढ्यान् पिढ्या जपलेला ठेवा एका सुशिक्षितानें दहा वर्षांच्या आंत उणा केला.

आतां यंत्रांत नव्या जातीची डिस्क बसविली आहे. तिच्यांत फिरणारें असें कांहीं नाहीं. फाईल क्षणांत उघडते व क्षणांत सेव्ह होते. परंतु भाचीनें बजावून सांगितलें आहे कीं, जुनी डिस्क निदान कुरकुरत होती. ही पुष्कळदां कांहीं न सांगतां जाते. म्हणून तिनें आम्हांस नियम घालून दिला आहे : नकला तीन असाव्या, दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. त्याप्रमाणें एक संगणकांत, एक कपाटांतल्या बाहेरच्या डिस्कवर आणि एक भाचीच्या घरीं आहे. आम्हीं आपल्या मनानें चौथीहि केली. सर्व ओव्या छापून, बांधून, मावशीकडे पाठविल्या.

मार्गशीर्षांत आम्ही मावशीस भेटावयास गेलों. तिचें वय चौऱ्यांशीं. छापलेलें पुस्तक तिनें कपाळाला लावलें आणि बाजूस ठेवलें; वाचतां तिला येत नाहीं. "तुला कांहीं आठवतें काय?" असें विचारलें, तों तिचा उजवा हात गोल फिरूं लागला. तिनें अकरा ओव्या म्हटल्या. त्यांतल्या सात आमच्या संग्रहांत होत्या, पण शब्द निराळे होते; आईच्या ओवींतला भाऊ घोड्यावरून येई, मावशीचा बैलगाडींतून आला. चार ओव्या आम्हीं कधींच ऐकल्या नव्हत्या. त्या दसऱ्याच्या दुपारीं आईनें म्हटलेल्या त्याच ह्या काय, असें आम्हीं तिला विचारलें.

"तिची निराळी, माझी निराळी," मावशी म्हणाली. "जातं तेवढं एक होतं, बाबा."

घरीं परत आल्यावर त्या अकरा ओव्यांचें मुद्रण ऐकण्यापूर्वीं आम्हीं त्याच्या तीन नकला केल्या. दुसऱ्या कांहीं कामांत अजूनहि केव्हां केव्हां पडद्यावर तें वर्तुळ फिरूं लागतें. आम्ही आतां टेबलावर बोटें आपटीत नाहीं; उठतों, आणि कपाटांतली डिस्क बाहेर काढतों.