कॅलिफोर्नियातील काउंटी कोर्टात काय काय चालते

कॅलिफोर्निया राज्यात 58 काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीला आपले सुपीरियर कोर्ट आहे. नाव भारदस्त असले तरी हे पहिल्या पायरीचे, म्हणजे साक्षीपुरावे घेऊन खटला चालवणारे न्यायालय. पूर्वी किरकोळ प्रकरणांसाठी म्युनिसिपल कोर्टे वेगळी असत. 1998 साली मतदारांनी राज्यघटनेतील दुरुस्ती मंजूर केली आणि 2001 पर्यंत सर्व काउंट्यांत दोन्ही न्यायालये एक झाली. त्यामुळे सिग्नल तोडल्याचा दंड आणि खुनाचा खटला आज एकाच न्यायालयाच्या कक्षेत येतात.

फौजदारी प्रकरणांचे तीन वर्ग आहेत. वाहतुकीचे बहुतेक गुन्हे ‘इन्फ्रॅक्शन’मध्ये मोडतात. त्यांना दंड होतो, कैद होत नाही. म्हणून ज्युरी नाही आणि सरकारी खर्चाने वकीलही नाही. किरकोळ चोरी किंवा पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवणे हे ‘मिसडिमिनर’. त्याला साधारणपणे जास्तीत जास्त 364 दिवस काउंटी जेल. दरोडा, खून हे ‘फेलनी’. तेथे पुरेसा पुरावा आहे की नाही हे न्यायाधीश आधी तपासतात आणि मगच खटला उभा राहतो. दोषी ठरवायला बाराही ज्युरींचे एकमत लागते. दिवाणी दाव्यात बारापैकी नऊ पुरतात.

दिवाणी दाव्यांची वाटणी रकमेवर होते. 2024 पासून 35,000 डॉलरपर्यंतचे दावे मर्यादित आणि त्यावरचे अमर्यादित. अपघाताची भरपाई, करारभंग, मालमत्तेचे तंटे यांत येतात. भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे दावे वेगळ्या, झटपट पद्धतीने चालतात. त्यात उत्तर द्यायला भाडेकरूला पूर्वी पाचच दिवस मिळत. 2025 पासून न्यायालयीन कामकाजाचे दहा दिवस मिळतात.

सर्वांत लहान दाव्यांसाठी ‘स्मॉल क्लेम्स’ विभाग आहे. व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंत, तर कंपनीला बहुधा 6,250 डॉलरपर्यंत दावा लावता येतो. ज्युरी नसते आणि सुनावणीत वकिलाला उभे राहता येत नाही. प्रस्तुत लेखकाचा या न्यायालयाशी संबंध आला तो येथेच, आणि कारण अगदी ठरीव: डिपॉझिट. घर सोडल्यापासून 21 दिवसांत घरमालकाने डिपॉझिट परत करावे किंवा काय कापले याचा तपशील द्यावा, असा कायदा आहे. रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. तरीही एका घरमालकाने रंगकाम आणि कार्पेट यांच्या नावाखाली डिपॉझिटचा मोठा भाग ठेवून घेतला. लेखकाने दावा लावला, फोटो आणि ईमेल मांडले. निकाल लेखकाच्या बाजूने लागला.

प्रकरण येथे संपायला हवे होते. पण घरमालकाने अपील केले. स्मॉल क्लेम्समधील अपील म्हणजे पहिल्या निकालाची तपासणी नव्हे. दुसऱ्या न्यायाधीशांपुढे सारे पहिल्यापासून सुरू होते, आणि या वेळी वकील चालतो. घरमालक वकील घेऊन आला. कार्पेटच्या डागांवर बराच खल झाला आणि मिळालेली रक्कम निम्म्याहून खाली आली. तो निकाल अंतिम. हाच दावा लेखक पहिल्या फेरीत हरला असता, तर त्याला अपिलाची सोयच नव्हती: स्मॉल क्लेम्स निवडणारा वादी आपल्या दाव्यापुरता तो हक्क सोडतो. हे कोर्ट वादीने आपखुशीने निवडले, प्रतिवादीला मात्र ओढून आणले, म्हणून दुसरी संधी प्रतिवादीलाच, असे यामागचे तर्कशास्त्र. कागदावर ते पटते. पण डिपॉझिटच्या दाव्यात वादी बहुतेक वेळा भाडेकरू असतो आणि वकिलाची फी परवडणारा पक्ष समोर असतो. वकिलाविना न्याय ही या विभागाची खरी शान, आणि अपिलात नेमकी तीच भाडेकरूच्या हातून जाते. ही तरतूद अन्यायाचीच आहे. अर्थात दुसऱ्या सुनावणीत प्रश्न अधिक नेमके विचारले गेले, हेही नाकारता येत नाही; कार्पेट मुळात किती जुने होते, हे पहिल्या वेळी कोणी विचारलेच नव्हते.

शिवाय निकालाचे पैसे कोर्ट वसूल करून देत नाही. ते काम जिंकणाऱ्याचे. निकाल दहा वर्षे लागू राहतो. घर सोडण्याआधी घरमालकाकडून पाहणी करून घेण्याचा हक्क भाडेकरूला आहे. तो वापरावा आणि राहायला येताना व जाताना प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत.

कौटुंबिक विभागात घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी आणि घरगुती हिंसाचारातील संरक्षण आदेश येतात. 1970 पासून येथे घटस्फोटासाठी कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मराठी जोडप्यांनी येथे सावध राहावे: दुसऱ्या पक्षाने या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केला नसेल, तर मतभेदांच्या आधारावर मिळालेला घटस्फोट भारतात टिकेलच असे नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली नरसिंह राव खटल्यात याचे निकष घालून दिले.

बालन्यायालयात हेळसांड झालेली मुले आणि गुन्ह्याचा आरोप असलेली मुले अशा दोन्ही प्रकारची प्रकरणे चालतात. प्रोबेट विभाग मृत्युपत्रे, वारसा आणि स्वतःचा कारभार पाहू न शकणाऱ्यांची पालकत्वे हाताळतो. मनोरुग्णांना सक्तीने उपचारासाठी ठेवण्याचे निर्णयही याच न्यायालयापुढे येतात.

मर्यादित दावे आणि मिसडिमिनर यांची अपिले याच कोर्टाच्या अपील विभागात, तर अमर्यादित दावे आणि फेलनी यांची राज्याच्या अपील न्यायालयात जातात. फाशीच्या शिक्षेवरील अपील थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाते.

व्हिसा, नागरिकत्व आणि दिवाळखोरी हे विषय संघराज्याचे आहेत. त्यांचे अर्ज काउंटी कोर्टात चालत नाहीत.