घरची शाळा

मुलांस शाळेंतून काढून घरींच शिकवावें काय, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून वरचेवर विचारला जातो. आम्हीं ३६ वर्षें बारामती-इंदापुराकडील शाळांतून संस्कृत व गणित शिकविलें असल्यामुळें आमचें उत्तर 'छे, भलतेंच!' असें असणार, असा लोकांचा तर्क असतो. परंतु गेलीं दोन वर्षें आमची स्वतःची नात घरींच शिकत आहे, आणि तिचे मास्तर आम्हीच आहोंत. तेव्हां दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाचे चार शब्द वाचकांस कदाचित् उपयोगीं पडतील.

नात नऊ वर्षांची. बोलतांना अडखळते. तिच्या वर्गांत साठांवर मुलें होतीं. उत्तराला विलंब झाला कीं प्रश्न पुढच्या बाकावर जाई, आणि मागें हंशा पिके. पुढें पुढें तिनें घरींहि बोलणें सोडलें. पाणी हवें असलें तर तांब्याकडे बोट दाखवी. एका रात्रीं जेवणें झाल्यावर सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, दुसऱ्यांचीं एवढीं मुलें तुम्हीं शिकविलींत. आतां हिला शिकवा." त्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

कायद्याचें आम्हीं प्रथम पाहिलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शाळेंत दाखल करणें हें पालकांचें कर्तव्य ठरविलें आहे. घरच्या शिक्षणाची निराळी तरतूद त्यांत नाहीं. पुढें मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा आहे, आपल्या राज्य मंडळाचा 'सतरा नंबरचा अर्ज' आहे. चिरंजीवांनीं मुंबईच्या मालविका जोशीचें उदाहरण आमच्यापुढें ठेवलें. ही मुलगी शाळा सोडून घरीं शिकली व २०१६ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. ह्या विख्यात संस्थेंत दाखल झाली. बारावीचें प्रमाणपत्र नसल्यामुळें आपल्याकडील आय्. आय्. टी. चें दार मात्र तिला बंद होतें. उदाहरण मोठें खरें. पण आम्हांस अमेरिकेशीं काय करावयाचें होतें? नातीनें "आजोबा, भूक लागली" एवढें तोंडानें म्हटलें असतें तरी आमचें भरून पावलें असतें.

पहिले दोन महिने आम्हीं सवयीप्रमाणें फळा, खडू, पाढे असें चालविलें. नात मुकाट्यानें लिही. मग चैत्र आला आणि घरांत कुरडयांचें काम निघालें.

कुरडईचें शास्त्र आमच्या सौ.चें. गहूं तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावें, चौथ्या दिवशीं वाटून चीक काढावा, तो गाळून रात्रभर बसूं द्यावा, सकाळीं वरचें पाणी हलक्या हातानें ओतून टाकावें, आणि जितका चीक तितकेंच आधण ठेवावें. नातीकडे मापाचें काम आलें. गहूं किती घेतले, चीक किती पातेलीं निघाला, वाळल्यावर कुरडया किती भरल्या, हें सर्व तिच्या वहींत आहे. वजन एवढें कमी कां झालें, उरलेलें कोठें गेलें, ह्याचा तिनें चोथ्यापासून गाईच्या घमेल्यापर्यंत माग काढला. वरचें पाणी आंबट कां होतें, ह्याचें उत्तर आम्हीं पुस्तकांतून दिलें, सौ.नीं पाण्याचा वास देऊन दिलें. कोणतें तिच्या ध्यानांत राहिलें हें सांगणें नको.

चीक शिजतांना हात थांबला कीं गाठी होतात. सौ. म्हणाल्या, "ढवळत राहा, आणि घट्ट झालें कीं मला हांक मार." तिनें हांक मारली. अडखळत मारली, पण तिच्या तोंडाकडे कोणी पाहिलें नाहीं, कारण सर्वांचे डोळे पातेल्याकडे होते. त्या दिवशीं ती जेवढें बोलली तेवढें मागल्या सहा महिन्यांत बोलली नव्हती.

१९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली व हातच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें असा विचार पुढें आला. त्याचें पुढें शाळांतून 'कार्यानुभव' झालें, आणि आम्हीं स्वतः कित्येक वर्षें कागदी फुलांच्या परड्यांना गुण दिले. त्या परड्या कोणाला हव्या होत्या? कुरडई घराला हवी असते. ती बिघडली तर वर्षभर पानांत दिसते.

अंगणांतला उद्योग आमचा. बारा अंगुळांचा शंकु रोवून भोंवतीं वर्तुळ काढावें, सकाळीं व दुपारीं सावलीचें टोंक वर्तुळाला जेथें शिवेल तेथें खुणा कराव्या, त्या जोडल्या कीं पूर्व-पश्चिम रेषा मिळते. कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत ही रीत आहे. आमचा वाडा शुद्ध पूर्वाभिमुख म्हणून चार पिढ्या सांगितलें जात होतें. तो आग्नेयेकडे कलता निघाला. थोरल्या बंधूंस हें मुळींच रुचलें नाहीं. विषुवदिनीं मध्यान्हींची सावली चार अंगुळांस किंचित् कमी भरली. हीच बारामतीची पलभा. पण ती मध्यान्ह घड्याळांत बारा वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास आली! घड्याळ ८२॥ अंश रेखांशाचें, बारामती त्याच्या पश्चिमेस सुमारें ८ अंश, अंशाला ४ मिनिटें; शिवाय त्या दिवसांत सूर्यच सात-एक मिनिटें मागें असतो. हा हिशेब नातीनें दोन दिवस घोळविला. पुढें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत एका दुपारीं शंकूची सावली पडेनाच, तेव्हां तिनें सगळा वाडा ओरडून गोळा केला.

मोरोपंत (१७२९–१७९४) ह्याच बारामतीचे. त्यांच्या आर्या बहुतेक गीति जातीच्या, अर्ध्यांत १२ आणि १८ मात्रा. चुटकीनें मात्रा मोजीत म्हटल्या कीं नात एकदांहि अडखळत नाहीं. गद्य बोलूं लागली कीं पुन्हां अडते. हें आम्ही लपवीत नाहीं.

धाकट्या बंधूंचें डाळिंबाचें शेत इंदापूर तालुक्यांत, उजनीच्या पाण्यापासून जवळ. १९८० सालीं तें धरण पुरें झालें आणि भीमेच्या त्या फुगवट्यावर हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरूं लागले. कुंभारगांवाकडे आम्हीं होडी केली. होडीवाल्याची मुलगी नातीच्याच वयाची. रविवार म्हणून बापाबरोबर आलेली. दोघींनीं पक्षी मोजले. मोजतां मोजतां त्या मुलीनें विचारलें, "तुझी शाळा कुठली?" नात म्हणाली, "म-मला शाळा नाही." "मग खेळतेस कुणाशी?"

परततांना नातीनें तोच प्रश्न आम्हांस केला. आमच्या घरांत अकरा माणसें आहेत. नऊ वर्षांचें एकहि नाहीं. सर्वांचें जेवण एक, देव एक, बोलणेंहि एकच. आमच्या वर्गांत साळ्याचा, धनगराचा, मुसलमानाचा आणि भिक्षुकाचा मुलगा एका बाकावर दाटीनें बसत व एकमेकांच्या डब्यांत हात घालीत. तें शिक्षण आम्हीं कोणत्या अंगणांत रोवावें? आणि घरीं शिकविणारें कोणीच नाहीं अशा घरांचें काय? १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनीं मुलींसाठीं शाळा काढली, ती अशाच मुलींकरितां. होडीवाल्याची मुलगी रोज सकाळीं शाळेंत जाते. तिचा आजा तिला पलभा शिकवायला बसलेला नाहीं.

ह्या गोष्टीवरून घरांत महिनाभर खल झाला. सूनबाई म्हणाल्या, "पुन्हा हसलीं तर?" हा प्रश्न खोटा नाहीं. शेवटीं गांवाकडची वीस-बावीस मुलांची एक शाळा पाहिली. तेथील बाईंनीं आमचें सर्व ऐकून घेतलें, मग आमच्याकडे न पाहतां नातीलाच विचारलें, "उत्तराला तुला किती वेळ देऊ?" नात जरा थांबून म्हणाली, "थो-थोडा." बाई तेवढा वेळ थांबल्या होत्या.

जूनपासून ती जाणार आहे. कुरडया आणि आर्या सुटीच्या दिवशीं घरीं चालू राहतील. सूनबाईंचें मन अजून पुरतें वळलेलें नाहीं. पहिला आठवडा त्या फाटकापाशीं बसणार म्हणतात. शाळेच्या पटांगणांत शंकु रोवायला बाईंनीं परवानगी दिली आहे. जागा मात्र झेंडावंदनाच्या कट्ट्यापासून दूर हवी.