सहीची किंमत

आमच्या घरात दोन संग्रह आहेत. एक यांच्या टपाल तिकिटांचा आणि दुसरा आमच्या चिरंजिवांच्या पत्त्यांचा. पहिला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात राहतो. दुसरा तब्बल चोवीस वर्षं माळ्यावर, बुटांच्या खोक्यात, जुन्या पाटा-वरवंट्याच्या शेजारी होता. एवढ्यावरून आमच्या घरात कोणाचा शब्द चालतो हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल!

2021 च्या जूनमधली गोष्ट. करोनाच्या दोन लाटांनी चिरंजिवांचा छोटासा कारखाना पार आडवा केला होता. कामगारांचे पगार कसेबसे निघत होते. त्यातच नातीला दुसऱ्या शहरातल्या डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळाला. घरात पेढे आले, आणि पाठोपाठ फीचा कागद आला. पेढ्यांपेक्षा कागद जड होता. दोन रात्री मुलगा गच्चीवर येरझारा घालत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, माळ्यावरचं ते खोकं काढून देतेस?"

ते खोकं आमच्या बडोद्याच्या घरात आलं ते अमेरिकेहून. 1994 साली मुलगा शिकायला पेनसिल्व्हेनियात गेला. पहिल्या काही पत्रांत थंडी, डाळ-भात आणि प्रोफेसर असायचे. मग पत्रांत एक खेळ शिरला : 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या माणसाने तो रचला आणि 1993 च्या ऑगस्टमध्ये तो बाजारात आला. पत्ते खरे, पण राजा-राणी-गुलाम नाहीत. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि त्या पत्त्याची करामत लिहिलेली. पंधरा पत्त्यांचं बंद पाकीट विकत घ्यायचं. त्यात अकरा साधे, तीन जरा कमी मिळणारे आणि एक दुर्मीळ. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. नको असलेला पत्ता मित्राला द्यायचा, हवा तो त्याच्याकडून घ्यायचा आणि आपला डाव बांधून खेळायला बसायचं. आपल्याकडे बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटवीरांची चित्रं मुलं अशीच बदलून घेत. तसंच हे, पण मोठ्यांचं.

यांना ते मुळीच रुचलं नाही. 1995 साली यांनी आंतर्देशीय नव्हे, चांगलं जाड पाकीट भरून पत्र पाठवलं. त्यातलं एक वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखं झालं : "पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर डॉलर उधळायला तुला पाठवलेलं नाही." मुलाने उत्तर दिलं नाही. 1997 मध्ये तो परत आला, खोकं माळ्यावर ठेवलं आणि त्यावर बापलेकांत पुन्हा कधी शब्द निघाला नाही. काही गोष्टी न बोलल्याने मिटत नाहीत, नुसत्या माळ्यावर जातात.

खोकं खाली आलं. नातीने फडक्याने धूळ पुसली आणि जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडले. मला वाटलं होतं भुताखेतांची भडक चित्रं असतील. पण काही निसर्गचित्रं इतकी सुंदर होती, की मी पोळ्यांची कणीक तशीच ठेवून बघत बसले. प्रत्येक पत्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव छापलेलं होतं. लहानपणी आमच्याकडे दिवाळी अंक आला की मुखपृष्ठावरची 'दलाल' ही छापील सही मी बोटाने गिरवीत असे, त्याची आठवण झाली. माझ्या माहेरच्या देवघरातल्या लक्ष्मीवरही रविवर्म्याचं नाव छापलेलंच होतं. छापील नाव हजारोंच्या घरी जातं. पण इथे दोन पत्त्यांवर चक्क शाईने केलेल्या सह्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

मुलगा जरासा लाजला. "चित्रकारांच्या आहेत. खेळाच्या मेळाव्यांना ते येऊन बसायचे. आपण रांग लावायची."

पहिला सहीचा पत्ता होता 'अंडरग्राउंड सी', रॉब अलेक्झांडर यांनी रंगवलेला. असे तीन पत्ते होते, 1994 च्या छपाईचे. दोन कोरे आणि एक सहीचा. दुसरा होता 'लाइटनिंग बोल्ट', ख्रिस्तोफर रश यांनी काढलेला विजेचा लोळ. हा अगदी साधा, पाकिटापाकिटातून निघणारा पत्ता. त्यावर सहीबरोबर आमच्या मुलाचं नावही लिहिलेलं होतं.

नात लगेच मोबाइल घेऊन बसली. "आजी, हे बघ! याच रशने काढलेला 'ब्लॅक लोटस' जानेवारीत पाच लाख अकरा हजार डॉलरला विकला गेलाय. आणि त्यावर त्याची सही आहे!" आपल्या पैशात पावणेचार कोटींच्या आसपास. माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

तेवढ्यात काचेच्या कपाटाच्या दिशेने आवाज आला, "सहीमुळे किंमत वाढत नसते. पेन लागलं की माल गेला. पन्नास वर्षं तिकिटं जमवतोय मी. कोरं ते कोरं."

"पण आजोबा, बातमीत…"

"बातमी नीट वाच."

नातीने नीट वाचली आणि तिचा चेहरा उतरला. सही होती, पण पत्त्यावर नव्हती. पत्ता ज्या प्लास्टिकच्या डबीत बंद केला होता, त्या डबीवर होती! आतला पत्ता अगदी कोरा करकरीत, तपासणाऱ्यांनी दहापैकी दहा गुण दिलेला. शिवाय तो 'अल्फा' नावाच्या पहिल्याच छपाईतला. त्या छपाईत असे पत्ते अकराशेच्या आसपासच निघाले होते. हे विजयी मुद्रेने वर्तमानपत्रात शिरले. मुलगा काही न बोलता पत्ते गोळा करू लागला.

पुढच्या आठवड्यात मुंबईहून एक तरुण आला. असे पत्ते विकत घेणं आणि विकणं हाच त्याचा व्यवसाय. आमच्या नातीपेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठा असेल. चहा आधी दूर ठेवायला सांगितला, मग खिशातून भिंग आणि छोटी बॅटरी काढली. पत्त्याचे कोपरे, कडा, पाठ, चित्राभोवतीची चौकट मधोमध आहे की नाही, सगळं पाहिलं. हे तिकिटांसाठी असंच भिंग लावून बसतात. त्यामुळे नकळत यांची खुर्ची टेबलाजवळ सरकली.

मी सरळच विचारलं, "बाळ, सहीमुळे किंमत वाढते की कमी होते?"

तो हसला. "काकू, दोन्ही होतं. पत्ता कुठला आणि गिऱ्हाईक कोण, यावर आहे."

त्याने सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. महाग पत्ता घेणारे बहुतेक लोक त्याची स्थिती विकत घेतात. त्यांना पत्ता कारखान्यातून निघाला तसा हवा. त्यांच्या दृष्टीने शाई हा डागच, मग ती चित्रकाराच्या हातची का असेना. म्हणून कोरा 'अंडरग्राउंड सी' त्याला पटकन विकता येतो आणि सहीच्या पत्त्यासाठी योग्य गिऱ्हाईक शोधत थांबावं लागतं. ते मिळालं तर चार पैसे जास्तही देईल. पण थांबायचं कोणी? म्हणून तो आज कमीच देणार.

स्वस्त पत्त्याचं उलटं. 'लाइटनिंग बोल्ट'ची ही छपाई सहीविना एका कॉफीच्या किमतीत मिळते. तिथे बिघडण्यासारखं काही नसतंच. जी किंमत येते ती सहीची. आणि रश 2016 साली वारले. आता नवी सही होणं नाही. जो चित्रकार हयात आहे आणि मेळाव्यांतून हजारो पत्त्यांवर सह्या करतो, त्याच्या सहीने फारसा फरक पडत नाही. जो गेला, त्याच्या सह्यांचा साठा तिथेच थांबला.

"मग याची किंमत चांगली येईल?" नातीने उत्साहाने विचारलं.

"आली असती. पण यावर नाव आहे ना काकांचं." तो जरा ओशाळून म्हणाला, "नुसती सही कोणालाही चालते. दुसऱ्याच्या नावाची सही कोण घेणार?"

आणखी एक अडचण, ती म्हणजे खोट्या सह्यांची. चित्रकाराचं नाव गिरवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून तिकडे तपासणाऱ्या कंपन्या सही पारखून पत्त्याला वेगळे आणि सहीला वेगळे गुण देतात. त्याचा खर्च साध्या पत्त्याला परवडत नाही. चित्रकारांना कंपनीकडून पाठ कोरी असलेले थोडे पत्ते मिळत. त्या पांढऱ्या पाठीवर ते सही करीत, कधी छोटं चित्रही काढीत. त्यांना मात्र वेगळा मान आहे. पुढे 2022 मध्ये पोस्ट मलोन या अमेरिकन गायकाने रश यांच्या सहीचा असाच एक 'ब्लॅक लोटस' आठ लाख डॉलरला घेतल्याचं सांगितलं, तेव्हा मला त्या मुलाचं बोलणं आठवलं.

सौदा झाला. दोन कोरे पत्ते आणि खोक्यातले आणखी काही मिळून चांगली रक्कम आली. विद्यार्थिदशेत खिशाला परवडलेले पत्ते आता एकेक शेकडो डॉलरला जातात. कारण 1995 मध्ये जुने पत्ते पुन्हा छापल्यावर भाव पडले आणि संग्राहक चिडले. तेव्हा 1996 मध्ये कंपनीने काही ठरावीक पत्ते पुन्हा न छापण्याचं वचन दिलं. त्यात हेही होते. सहीचा 'अंडरग्राउंड सी' कोऱ्यापेक्षा कमी भावात गेला. पहिल्या वर्षाच्या फीचा मोठा भाग सुटला. शेवटी तो मुलगा विजेच्या पत्त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा पण द्या. किरकोळ काहीतरी देतो. माझ्या दुकानात ठेवीन."

मुलाने क्षणभर विचार केला. पैशांची गरज अजून संपलेली नव्हती. त्याने पत्ता उचलला, तोच यांचा आवाज आला, "तो नको देऊस."

आम्ही सगळेच चमकून पाहू लागलो.

मुंबईकर गेल्यावर हे उठले, कपाटातून जुना अल्बम काढला आणि त्याच्या अगदी शेवटच्या पानातून एक पाकीट बाहेर काढलं. फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट. उजव्या कोपऱ्यात तिकीट आणि त्याखाली एक करडा, खरवडलेला डाग. कागद तिथे इतका पातळ झालेला, की उजेडात पलीकडचं दिसावं.

"इथे सही होती," हे म्हणाले. "तिकिटाचं चित्र ज्यांनी काढलं, त्यांची. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पत्ता मिळवून पाकीट पाठवलं. त्या भल्या माणसाने सही करून, वर चार ओळींची चिठ्ठी लिहून परत पाठवलं. आनंदाने एका व्यापाऱ्याला दाखवायला नेलं. तो म्हणाला, चांगलं पाकीट वाया घालवलंत. घरी आलो आणि शाईच्या खोडरबराने सही खोडत बसलो."

कोणीच बोललं नाही. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मलाही ठाऊक नव्हती.

"सही गेली, पाकीटही गेलं. चिठ्ठी तर केव्हाच हरवली. तुला ते पत्र लिहिलं ना 95 साली," ते मुलाकडे न बघता म्हणाले, "ते लिहिताना हेच पाकीट डोळ्यांपुढे होतं. तुझे पैसे बुडतील असं वाटलं. एवढंच."

मुलगा म्हणाला, "बाबा, त्या रांगेत मी पाऊण तास उभा होतो. तिकडे माझं नाव कोणालाच धड लिहिता येत नसे. त्यांनी विचारून विचारून एकेक अक्षर लिहिलं. म्हणून ठेवलाय."

हे पुढे झाले. आपल्या चिमट्याने तो पत्ता उचलला. तिकिटांनासुद्धा ते एवढ्या हळुवारपणे हात लावत नाहीत. भिंगातून त्यांनी सही पाहिली आणि मग वरचं नाव. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "स्पेलिंग बरोबर आहे."

तर सहीने संग्रहाची किंमत वाढते का? आमच्या घरच्या हिशोबात एका पत्त्याची कमी झाली आणि दुसऱ्याची, नाव लिहिलेलं असल्यामुळे, उभीच राहिली नाही. विकायचं मनात असेल तर पत्ता कोरा ठेवावा, आणि सही घ्यायचीच तर साध्या पत्त्यावर नुसती घ्यावी, हे त्या मुंबईच्या मुलाचं म्हणणं मला पटलं. विकायचंच नसेल, तर आपलं नाव खुशाल लिहून घ्यावं.

नात आता तिसऱ्या वर्षाच्या पुढे गेली आहे. सुट्टीत घरी येते तेव्हा स्वतःच्या चित्रांखाली सही कशी करावी याचा सराव वहीच्या मागच्या पानांवर करीत असते. खोकं पुन्हा माळ्यावर गेलं नाही. विजेचा पत्ता काचेच्या कपाटात, यांच्या अल्बमच्या शेवटच्या पानात आहे. समोरच्या पानावर ते खोडलेलं पाकीट.

पाहुणे आले की हे अल्बम दाखवतात. पूर्वी शेवटचं पान उघडत नसत. आता तिथूनच सुरुवात करतात.