उरलेले सतरा

भिऱ्याहून सोडलेलं पाणी सकाळी कुंडलिकेत येतं, राफ्टवाल्यांची लगबग सुरू होते, त्या वेळी मी कोलाडच्या घरात कागद काढतो. 0 आणि 1 वरचं आठ मितींचं अवकाश, त्यातले 255 बिंदू, आणि सात-सात बिंदूंची एकमेकांना न शिवणारी प्रतलं. 33 कुणीही बसवतो. 34 च्या पुढे जाता येत नाही, हे ड्रेक-फ्रीमन यांनी 1979 मध्ये दाखवलं. ते चौतिसावं प्रतल 2010 मध्ये पाच जणांनी मिळून बसवलं. आता माझी विद्यार्थिनी लॅपटॉपवर 34 चे संच एकामागून एक काढते. तेव्हापासून माझं लक्ष प्रतलांवरून उरलेल्या बिंदूंवर गेलं आहे.

34 नंतर 17 उरतात. कुठलंही हायपरप्लेन, म्हणजे सात मितींचं उपअवकाश, घ्या: प्रत्येक प्रतलाचे शून्य किंवा चार बिंदू त्याच्या बाहेर, एकूण बाहेरचे 128. म्हणून उरलेल्यांपैकी बाहेर पडणारेही चाराच्या पटीतच. 36 प्रतलं बसली तर तीनच उरतील, आणि ते प्रत्येक हायपरप्लेनच्या आत असावे लागतील, ते अशक्य. 35 नंतरचे दहाही थोड्या अधिक मोजणीने बाद होतात. सतरा मात्र टिकतात. पण त्या सतरांवरून उलटं निघून 34 प्रतलं हाताने उभी करायची कशी? तिथेच मी अडतो, रोज.

2008 मध्ये क्योटर आणि क्शिशांग यांनी नेटवर्क कोडिंगसाठी उपअवकाश वापरले आणि या विषयात गर्दी झाली. सात मितींत 329 उपअवकाशांचा कोड 333 चा झाला. वरची मर्यादा 381. आकडा वाढतो, पण तो का वाढला हे कुणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठातल्या शरदचंद्र श्रीखंडे यांचं 1961 चं प्रमेय पाहा: n×n चे n−3 परस्पर लंबकोनी लॅटिन चौरस मिळाले की, n चार नसेल तर, उरलेले दोन मिळतातच. पोकळी स्वतःच भरते. ते 2020 मध्ये 102 व्या वर्षी गेले. असं प्रमेय आता क्वचितच वाचायला मिळतं.

त्या तोडीचं एक प्रमेय माझ्या नावावर असावं, ही हाव मला आहे. विद्यार्थिनीच्या यादीत उत्तर आहे, पण मला ते माझ्या हातून हवं आहे. अकरा मितींत चार मितींचे 129 उपअवकाश बसतात, मर्यादा 132. तिथे संगणकही अजून अडलेला आहे, आणि त्याचा मला आनंद होतो.